झोपायला रानात गेले तेव्हा

त्या चैत्रात मी वनखात्याच्या रानात एकटी तंबू ठोकून राहिले. माझं वय तेव्हा छप्पन्न होतं. गावात अजूनही कुणी ना कुणी विचारतं, "खरंच एकटी राहिली होतीस रानात?" मी हो म्हणते आणि दुसरं काहीतरी बोलायला लागते. पण निघताना काय पाहून गेले, हे आजवर एकाच माणसाला सांगितलंय, आणि तेही फार उशिरा.

यांना अर्धांगाचा झटका येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. हे वालचंदनगरला कारखान्यात लेथवर होते. झटका आला तो घरीच, सकाळी दाढी करताना. अर्ध्या गालाला साबण तसाच होता आणि हे मोरीच्या उंबऱ्याला टेकून बसले होते. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नोकरी संपली तसं क्वार्टर सोडलं आणि निरवांगीला यांच्या वाटणीच्या दोन खोल्यांत येऊन राहिलो. धाकटे दीर शेजारच्याच घरात. आमची एकुलती मुलगी पुण्याला नोकरीला.

वाचेतला एकच शब्द उरला होता, 'हां'. भूक लागली तरी हां, नको असलं तरी हां, रडू आलं तरी हां. पहिल्या वर्षात मी त्या हांचे प्रकार ओळखायला शिकले. नंतर नंतर ओळखायचा कंटाळा येऊ लागला.

बारामतीच्या दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "गोळ्या एखाद्या वेळी चुकल्या तरी चालतील, पण दर दोन तासांनी यांची कूस बदलायची. दिवसा आणि रात्री. पाठीला जखम झाली तर आवरणार नाही." मी ते अक्षरशः धरलं. डावी कूस, मग पाठ, मग उजवी कूस. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचांखाली घडी. हवेची गादी होती, पण लाईट गेली की तिचा पंप बंद पडायचा, आणि लाईट जायचीच. सुरुवातीला घड्याळाचा गजर लावत होते. पुढं गजराची गरज उरली नाही. दहा, बारा, दोन, चार, माझे डोळे आपोआप उघडायचे. सहा वर्षांत मी सलग दोन तासांवर झोपले नाही. हे मी कौतुकासाठी सांगत नाही. अशा घरातल्या बायका हे करतातच.

पण त्याचं माणसाला काय होतं ते सांगते. ओट्यापुढं उभ्या उभ्या डोळा लागायचा आणि दूध उतू जायचं. चहात मीठ पडायचं. एकदा इंदापूरहून औषधं घेऊन एसटीत बसले, आपलं गाव कधी मागं पडलं कळलंच नाही, शेवटच्या थांब्यावर कंडक्टरनं उठवलं. आणि फाल्गुनात एका पहाटे मी यांना मारलं. नुकतंच सगळं धुऊन पुसून कोरडं केलं होतं, आणि लगेच पुन्हा घाण झाली. मी यांच्या मांडीवर फटकन हात मारला. एकदा नाही, तीनदा. हे माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "हां."

त्यानंतरच्या रविवारी मुलगी आली, तेव्हा मी तिला म्हटलं, "मला दोन दिवस झोपायचंय."

ती म्हणाली, "पुण्याला ये. खोली बंद करते, पंखा लावते, झोप हवी तेवढी."

मला ते नको होतं. तिच्या घरात कुणी खोकलं तरी मी उठून बसले असते. शेजारच्या फ्लॅटमध्ये भांडं पडलं तरी उठले असते. माणूस असेल तिथं मला झोप येणार नाही, एवढं मला कळत होतं. माझं माहेर मोरगावचं. ज्वारीची मळणी चालू असायची तेव्हा आम्ही सगळे माळावर खळ्यातच झोपायचो, कडब्याच्या पेंढ्यांना टेकून. तशी झोप पुन्हा कधी लागली नाही. मला तेच हवं होतं. उघडं रान, आणि हाक मारायला कुणी नको.

मुलीनं ऑफिसच्या लोकांबरोबर ट्रेकिंगला म्हणून घेतलेला तंबू आमच्याच माळ्यावर पडून होता. तिनं मला अंगणात तो लावायला शिकवलं. हे खाटेवरून दारातून बघत होते.

भाऊजींना, म्हणजे धाकट्या दिरांना, मी भीत भीतच विचारलं. जाऊबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, त्यामुळं त्यांच्यावर सगळंच पडणार होतं.

"जावा की वहिनी," ते लगेच म्हणाले. "दोन दिसाचं काय एवढं? मी हाय न्हवं. दादाचं समदं बघतो."

"लोक काय म्हणतील?"

"लोकं येत्यात का रात्री कुशी बदलायला?"

आमच्यापासून बारा-तेरा किलोमीटरवर माळाला वनखात्याचं रान आहे. तिथला वनरक्षक भाऊजींच्या ओळखीचा होता, त्याच्याकडून परवानगी निघाली. मी दोन दिवसांच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, कांदे, पाण्याचे दोन कॅन असं बांधून ठेवलं. आदल्या संध्याकाळी यांच्या उशाशी बसून सांगितलं, "मी दोन दिवस जाऊन येते. भाऊजी आहेत." हे म्हणाले, "हां." तो हां कसला होता ते मी पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी यांचं अंग पुसत होते. कुशीवर वळवलं तर माकडहाडावर लाल डाग दिसला. रुपयाएवढा. मी बोट दाबून पाहिलं. चांगल्या कातडीवर बोट दाबलं की ती पांढरी पडते आणि पुन्हा लाल होते. हा डाग पांढरा पडला नाही. त्याचा अर्थ मला माहीत होता. सहा वर्षांत दोनदा असा डाग आला होता. दोन्ही वेळा मी चार चार दिवस यांना पाठीवर टेकूच दिलं नव्हतं, तासातासाला कूस बदलली होती आणि तो गेला होता.

आता भाऊजींना हे सांगितलं असतं तर ते घाबरले असते. म्हणाले असते, वहिनी, पुढच्या आठवड्यात जावा. आणि मी गेले नसते. पुढचा आठवडा कधी आला नसता. मी डागावर पावडर लावली, स्वच्छ धोतराची घडी खाली घातली, चादर ताणली. भाऊजी आले तेव्हा म्हटलं, "पाठीवर जास्त वेळ ठेवू नका." एवढंच. ते म्हणाले, "बरं." आणि मी पिशव्या उचलल्या.

एसटीनं फाट्यावर उतरले तेव्हा दहा वाजले होते. वनरक्षक मोटारसायकलवर थांबला होता. त्यानं पाण्याचे कॅन गाडीवर घेतले आणि मला जागा दाखवली. कडुलिंबाची चार-पाच झाडं, बाजूला हिवर आणि बोरीची काटेरी झुडपं, पलीकडं गुडघाभर वाळलेलं गवत पार चढापर्यंत. कडुलिंब नव्या पानांनी भरला होता आणि त्याच्या मोहोराचा कडवट गोड वास सगळीकडं होता. खाली बारीक पांढरी फुलं पडत होती.

"चूल न्हाय, काडी न्हाय, उदबत्ती सुदिक न्हाय," तो म्हणाला. "गवत वाळून कोरडंठाक झालंय. एक ठिणगी पडली तर माळ जाईल. फोनला रेंज पायजे तर त्या टेकाडावर जायचं." मग जाता जाता थांबला. "ताई, एक इचारू का? घरी समदं बरं हाय ना?"

"बरं आहे."

"न्हाय, म्हंजे बाईमाणूस एकली..." त्यानं वाक्य सोडून दिलं आणि गाडीला किक मारली.

तंबू लावला, पण दुपारी आत भट्टी झाली होती. मी चटई ओढून कडुलिंबाखाली आले आणि आडवी झाले. झोप आली नाही. इतकी शांतता होती की कानात कसलातरी आवाज घुमत होता. चटकन उठून घड्याळ पाहिलं तर बारा. पुन्हा पाहिलं तर दोन. दर दोन तासांनी माझे हात आपोआप बाजूला चाचपायचे आणि गवताला लागायचे. रात्री तंबूतही तेच. दहाला उठून बसले, बाराला, दोनला, चारला. चारला तर मी अर्धवट झोपेत पाण्याचा कॅनच दोन्ही हातांनी कुशीवर वळवला आणि त्याखाली उशी सारली. मग शुद्ध आली आणि मी तिथंच बसून राहिले. रडू आलं नाही. फक्त स्वतःची किळस आली, की इथं येऊनही ही बाई झोपत नाही.

उजाडल्यावर तित्तर ओरडायला लागले. चूळ भरली, चटई कडुलिंबाखाली टाकली, आणि त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

जाग आली ती कुणीतरी किंचाळल्यामुळं. डोळे उघडले तर एक बाई माझ्यावर वाकली होती. डोक्यावर पदर, हातात काठी, मागं शंभरेक मेंढरं झुडपांत तोंड घालून उभी. ऊन डोक्यावर आलं होतं. माझ्या हातावर, मानेवर मुंग्या चढल्या होत्या आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"अगं बया!" ती छातीवर हात ठेवून मागं सरली. "जित्ती हाय का गं तू?"

मी उठून बसले. मुंग्या झटकल्या.

"मी दोन हाका मारल्या. काठीनं पाय हलीवला. मला वाटलं संपलं." ती तिथंच उकिडवी बसली. "म्हागल्या साली अशीच एक गावली व्हती. त्या पल्याडच्या ओढ्याजवळ. कोंच्या तरी गावची सून व्हती. मीच बगितली पयल्यांदा. तसंच तोंडावर मुंग्या."

मला तिच्या बोलण्याची भीती वाटली, आणि वनरक्षकाचा प्रश्नही आता समजला.

"घरात भांडून आलीस?"

"नाही."

"नवरा मारतो?"

"नाही. तो अंथरुणात आहे. सहा वर्षं."

"मग हितं काय करतीस?"

"झोपायला आले."

ती एकदम हसली, आणि माझ्या तोंडाकडं बघून थांबली. "झोपायला," ती म्हणाली. "व्हय. आमाला बी कोन झोपू देतंय. राती लांडगा, दिसा मेंढरं." तिनं कमरेची पिशवी सोडली, तंबाखू काढली, माझ्यापुढं धरली. मी नको म्हटलं. मी तिला भाकरी आणि चटणी दिली. ती सावकाश, सगळी खाऊन संपेपर्यंत बसली. मधूनमधून माझ्याकडं बघत होती. अजून तिचा विश्वास बसला नव्हता.

उठताना तिनं खांद्यावरच्या घोंगडीच्या खोळीतून एक कोकरू काढलं. काल रात्रीच जन्मलेलं. मान धरत नव्हतं. "ह्याची आई ह्याला जवळ करंना," ती म्हणाली. "मला मेंढरं पाण्यावर न्यायचीत, दोन कोस हाय. उन्हात ह्ये जगायचं न्हाय. सांज होईपतूर ठेव तुझ्यापाशी. मी दूध पिळून देते, बोटानं चाटवत राहा थोडं थोडं."

तिनं ते माझ्या मांडीवर ठेवायला हात पुढं केले, आणि मी मांडी मागं घेतली.

"नको," मी म्हटलं. "मला नको देऊस."

"अगं, काय करायचं न्हाय त्याला. निसतं बोटानं..."

"मी नाही सांभाळणार. घेऊन जा."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. आयुष्यात मी कुणाला असं तोंडावर नको म्हटलेलं नव्हतं. सासूला नाही, यांना नाही, पोरीला नाही. त्या बाईनं कोकरू परत घोंगडीत घेतलं आणि मेंढरांना हाकारत निघून गेली. मला वाईट वाटायला हवं होतं. मला खरं तर सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच नंतर लाज वाटली.

दुपारनंतर मी टेकाडावर चढून फोन लावला. भाऊजींनी लगेच उचलला.

"समदं ठीक हाय वहिनी. जेवला दादा. आता डोळा लागलाय त्याचा. तुमी झोपला का?"

"झोपले थोडी."

"झोपा. आजून काय?"

मला म्हणायचं होतं, भाऊजी, माकडहाडापाशी जरा बघा. वाक्य अगदी ओठांवर होतं. टेकाडावर वारा होता, फोन कानाला घट्ट दाबून मी उभी होते. खाली दोन चिंकारा पळत झुडपांत शिरल्या. मी म्हटलं, "अजून एक दिवस राहू का?"

पलीकडं ते थोडा वेळ गप्प झाले. आता मला त्या गप्प होण्याचा अर्थ कळतो. "राहा की," ते म्हणाले. "एक दिस काय अन् दोन दिस काय."

त्या रात्री दोनदाच जाग आली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती बाई पुन्हा मेंढरं घेऊन आली, पण लांबूनच गेली. खांद्यावरची घोंगडी सपाट होती. मी कोकराचं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. जाताना फक्त एवढं ओरडली, "झोपलीस का?" मी हात हलवला. संध्याकाळी मी टेकाडावर गेले नाही. फोन करायचं ठरलेलं होतं, पण गेले नाही.

आणि तिसऱ्या रात्री मला झोप लागली. अंधार पडल्यावर आडवी झाले ती ऊन तंबूवर आल्यावरच उठले. मधे काही नाही. स्वप्न नाही, घड्याळ नाही. जागी झाले तेव्हा अंग इतकं हलकं होतं की मी किती तरी वेळ कडुलिंबाच्या पानांकडं बघत पडून राहिले. पानं तांबूस होती, काही अगदी कोवळी हिरवी, आणि प्रत्येक पान मला वेगळं दिसत होतं. सहा वर्षांत मी झाड असं पाहिलंच नव्हतं. ते सुख खरं होतं. पुढं जे झालं त्यामुळं ते खोटं ठरत नाही, आणि म्हणूनच ते माझ्या गळ्यात अडकून आहे.

दुपारी घरी पोचले. दारातच वास आला. घाणीचा नव्हता, तो माझ्या सवयीचा होता. हा गोडसर, कुजका होता.

भाऊजी भिंतीला टेकून बसले होते, डोळे लाल, दाढी वाढलेली. मी पिशव्या टाकल्या आणि यांना कुशीवर वळवलं. डाग तळहाताएवढा झाला होता. कातडी फुटली होती आणि मधला भाग पिकल्या जांभळासारखा काळा पडला होता. चादर ओली होती.

भाऊजी उठून मागं उभे राहिले. "मी आज सकाळी बगितलं वहिनी," त्यांचा आवाज फाटला होता. "तुमाला फोन लावला तर लागंना. आदी न्हवतं. शप्पथ, आदी काय बी न्हवतं."

आधी होतं. मी पाहिलं होतं. पाणी तापायला ठेवलं.

हे माझ्याकडं बघत होते. माझा हात यांच्या डाव्या हातात सापडला, तो यांनी सोडला नाही. काही म्हणालेही नाहीत. हां सुद्धा नाही.

पुढचे दोन महिने मी त्या जखमेत घालवले. दररोज ती धुवायची, औषधात भिजवलेली पट्टी आत सारायची. जखम आत आत जात होती. बारामतीला नेऊन मेलेलं मांस काढलं. बोटाची दोन पेरं आत जातील एवढा खड्डा झाला. डॉक्टर म्हणाले, "अशा पेशंटला हे व्हायचंच असतं बाई. सहा वर्षं तुम्ही होऊ दिलं नाहीत, हेच नवल." मी विचारलं, "हे कधी सुरू झालं असेल?" ते म्हणाले, "नक्की सांगता येत नाही. आतून आधीच सुरू झालेलं असू शकतं. वेळेत लक्षात आलं तर कधी कधी थांबतं." एका वाक्यात त्यांनी मला सोडलं आणि पुढच्याच वाक्यात धरलं.

मग ताप सुरू झाला. उतरायचा, चढायचा. ज्येष्ठ संपता संपता एका सकाळी हे गेले. मी पेज भरवत होते. दोन चमचे गिळले आणि तिसरा ओठांतून बाहेर आला.

दहाव्याला, तेराव्याला बायका कोपऱ्यात बोलत होत्या. 'रानात जाऊन बसली होती म्हणे.' 'तंबू ठोकून.' मला त्याचं काही वाटलं नाही. त्यांना जे माहीत होतं ते खऱ्यापेक्षा किती तरी कमी होतं.

सगळे पाहुणे गेल्यावर भाऊजी आले. मागच्या पायरीवर बसले. बराच वेळ जमीन उकरत होते. मग म्हणाले, "वहिनी, मला एक सांगायचंय. त्या आठवड्यात आमच्या पंपाला रातची लाईट व्हती. ऊस वाळाय लागलेला. मी त्या तिन्ही राती दादाला पाठीवर झोपवून पाणी द्यायला गेलो. अकराला जायचो, चार-साडेचारला यायचो. आल्यावर बघायचो, तर तो जागाच असायचा." त्यांनी डोक्यावर दोन्ही हात घेतले. "मी मारलं त्याला."

माझ्यासमोर दोन गोष्टी होत्या. त्यांना तिथंच सांगता आलं असतं की डाग तुमच्या आधीचा आहे. मी म्हटलं, "असं बोलू नये भाऊजी. त्यांचं आयुष्य तेवढंच होतं." लोक जे एकमेकांना म्हणतात ते. आणि आत कुठंतरी मला बरं वाटलं, की ओझं उचलायला दुसरं कुणी मिळालं.

तसे आठ महिने गेले. पाऊस झाला, दिवाळी झाली. मी रात्री झोपायला शिकत होते. दोनला जाग यायचीच, पण कूस बदलायला कुणी नव्हतं, मग मीच कूस बदलून पुन्हा झोपायचे. माघात एकदा जाऊबाई पीठ मागायला आल्या आणि उंबऱ्यात बसल्या. म्हणाल्या, "यांचं कायतरी करा ओ. रोज राती दोनला उठून बसत्यात. विचारलं तर म्हनत्यात, दादाला बघून येतो. दाराबाहेर जात्यात, तुमच्या खिडकीपाशी उभं ऱ्हात्यात, परत येत्यात. जेवण तुटलंय. डागदर म्हनला, झोपंची गोळी घ्या. ती बी घेत न्हाईत."

मी पीठ दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींना बोलावलं. त्यांना खाटेवर बसवलं, मी खाली बसले, आणि सांगितलं. अंग पुसताना पाहिलेला डाग. बोट दाबून पाहिलेलं. पावडर. टेकाडावर न बोललेलं वाक्य. तिसऱ्या संध्याकाळी न केलेला फोन. एकही गोष्ट गाळली नाही, फाल्गुनातली ती पहाटही नाही.

ते खालच्या फरशीकडं बघत ऐकत होते. सांगून झाल्यावर मला वाटलं, आता रडतील किंवा ओरडतील.

"निघताना बघितलं व्हतं तुमी?" त्यांनी पुन्हा विचारलं, जणू नीट ऐकू आलं नव्हतं.

"हो."

"आन् मी मागं पायरीवर बसून बोललो तवा?"

"तेव्हाही माहीत होतं."

"आठ म्हैनं, वहिनी?"

"हो."

त्यांनी मान हलवली, दोन-तीनदा. मला राग दिसला नाही. दमलेला माणूस जड काहीतरी खाली ठेवल्यावर बघतो तसे ते स्वतःच्या हातांकडं बघत होते. मग म्हणाले, "तुमी सांगितलं असतं तर मी पाण्याला गेलो नसतो. ऊस जळला असता तरी." थोडं थांबून म्हणाले, "पर डाग नसता तरी मी जायाला नको व्हतं. ते बी खरंच हाय." आणि चपला घालून निघून गेले.

त्याला आता दोन वर्षं होत आली. जाऊबाई सांगतात, ते झोपतात. माझ्या घरचं पाणी, दळण, लाईटचं बिल, सगळं तेच बघतात, एक दिवसही चुकवत नाहीत. काही निरोप असला तर जाऊबाईंकडून येतो. समोरासमोर आलो तर "जेवला का?" एवढं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढं जातात. मुलीला मी अजून यातलं काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, त्या तीन दिवसांत आईला चांगला आराम मिळाला.